बारशिंगा बघायला किती लागतात?

लालबागमध्ये 'बाहेरगावी जाणे' म्हणजे बहुतेक घरांत एकच गोष्ट, गावी जाणे. मे महिन्यात, गणपतीत, आमच्यासारख्यांच्या घरी ईदला नाही तर कुणाच्या लग्नाला. एसटी किंवा कोकण रेल्वे, उतरलं की आपलं घर, आपली विहीर आणि चाचीच्या हातची तांदळाची भाकरी. त्या प्रवासाचा हिशोब कुणी मांडत नाही. दुसरा प्रवास उमऱ्याचा किंवा हजचा. त्याची रक्कम ठरलेली असते आणि माणसं ती वर्षानुवर्षं साठवत राहतात. या दोन्हींत न बसणारा तिसरा प्रवास असा की परराज्यात, ओळखीचं कुणी नाही अशा ठिकाणी, टूर कंपनीशिवाय, फक्त एक जनावर पाहायला जायचं. त्याला किती पैसे लागतात हे आमच्या चाळीत कुणालाच सांगता येईना. टूरवाल्यांची पत्रकं आणली तर माणशी आकडा पाहून ती घडी करून परत ठेवली. मग आम्हीच हिशोब मांडला आणि गेल्या जानेवारीत सहा माणसं जाऊन आलो. तोच हिशोब इथे देत आहोत.

जनावर म्हणजे बारशिंगा. ते डोक्यात आलं आमच्या पुतण्यामुळे. तो अमेरिकेत डॅलसला नोकरी करतो. त्याच्या ऑफिसातली मंडळी दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात हजाराहून अधिक किलोमीटर गाडी हाकत कोलोरॅडो राज्यात एल्क नावाच्या मोठ्या हरणाची शिकार करायला जातात, तेही वाटाड्या किंवा कंपनी न घेता, स्वतःच सगळं जमवून. तो फोनवर त्यांचा हिशोब सांगत होता. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला नुसत्या परवान्याचेच सातशे डॉलरांहून अधिक मोजावे लागतात, स्थानिक माणसाला त्याच्या एक दशांशाच्या आसपास. म्हणून ते पेट्रोल वाटून घेतात, तंबूत राहतात, जेवण घरून शिजवून, गोठवून नेतात. एवढं करून बहुतेक जण रिकाम्या हाताने परततात. आमच्या मुलाने विचारलं, "आपल्याकडे एल्क नाही का?" एल्क नाही, पण त्याच कुळातला बारशिंगा आहे. शिकार मात्र नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बारशिंग्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात ठेवलं आहे. आणि ते वेळेवरच झालं म्हणायचं. मध्य भारतातला बारशिंगा कधीकाळी कळपांनी होता. शिकार, जनावरांचे रोग, गवताळ मैदानांवर आलेली शेती आणि चराई, यांनी तो इतका आटला की १९७० साली कान्हाच्या जंगलात मोजणी केली तेव्हा ६६ उरले होते. सहासष्ट. आमच्या चाळीच्या एका मजल्यावर याहून जास्त माणसं राहतात.

तिथून पुढे वनखात्याने कुंपण घालून त्यात माद्या आणि पाडसं वाघापासून राखली, गवत जाळणं थांबवलं, जंगलातली काही गावं बाहेर वसवली आणि त्या गावांची शेतं पुन्हा गवताची मैदानं झाली. आज तिथे आठशेच्या पुढे बारशिंगे आहेत. तो मध्य प्रदेशचा राज्यप्राणी आहे, आणि कान्हाने २०१७ मध्ये आपल्या उद्यानाचं बोधचिन्ह म्हणूनही वाघ न घेता बारशिंगाच घेतला, 'भूरसिंह' नावाचा. गावं हलवली गेली त्या माणसांचं काय झालं, हा प्रश्न आमच्याबरोबर आलेल्या काकांनी तिथे गाईडला विचारला. त्याबद्दल पुढे.

पहिला खर्चाचा नियम पुतण्याच्या फोनवरूनच कळला होता. अशा प्रवासात एक खर्च असा असतो की तो कमी होत नाही, बाकी सगळे होतात. तिकडे तो परवाना. कान्हात तो जिप्सी. जंगलाच्या आत आपली गाडी किंवा आपले पाय चालत नाहीत. वनखात्याचं प्रवेशपत्र, नोंदणी केलेली उघडी जिप्सी आणि गाईड, हे तिन्ही मिळून एक सफारी. त्या गाडीत प्रवासी जास्तीत जास्त सहा. दोन बसा की सहा बसा, गाडीचे आणि गाईडचे पैसे तेवढेच. आमच्या वेळी तिन्ही मिळून एका फेरीचे सुमारे ७,००० रुपये झाले. दर हंगामात बदलतात आणि शनिवार-रविवारी जास्त असतात, म्हणून जाण्याआधी नवे दर पाहावेत. चौघांच्या कुटुंबाला माणशी साडेसतराशे, सहांना माणशी साडेअकराशे. दोन फेऱ्या धरल्या तर फरक माणशी अकराशेहून जास्त. म्हणून आधी माणसं जमवायची, मग तारीख.

आम्ही चौघे, दोघे नवराबायको, चौदा वर्षांचा मुलगा आणि अकरा वर्षांची मुलगी. उरलेल्या दोन जागा शेजारच्या काका-काकूंनी घेतल्या. काका गिरणीत टाइमकीपर होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नंतर त्यांनी मिळेल ते केलं, एका मसाल्याच्या दुकानात वीस वर्षं वही लिहिली. लालबागच्या मिरची गल्लीत बेडगी आणि संकेश्वरी यांच्या गोण्यांमध्ये बसून ज्याने हिशोब सांभाळला, त्याच्या हाती आमच्या सहलीची वही देणं साहजिकच होतं. दोनशे पानी, लाल कापडी पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर त्यांनी दोन रकाने आखले, 'ठरला' आणि 'झाला'. आमच्या घरातला एकही खर्च याआधी असा लिहिला गेला नव्हता.

पैसे कुठून आले ते सांगायला हवं, कारण खरा प्रश्न तोच असतो. कर्ज काढून फिरायला जायचं नाही, हे आमच्या घरात ठरलेलं आहे. हप्त्यावर सहल मिळते म्हणून जाहिराती येतात, पण चार दिवसांच्या गारव्यासाठी वर्षभर व्याज भरणं आम्हाला पटत नाही. आमच्याकडे चाळीतल्या बारा बायकांची भिशी आहे, महिना तीन हजारांची. व्याज नाही, लिलाव नाही. दर महिन्याला चिठ्ठी निघते आणि ३६,००० रुपये एकीच्या हातात जातात. कुणाला ठरावीक महिन्यात गरज असेल तर आधी सांगितलं की बाकीच्या अदलाबदल करतात. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची कॉलेजची फी, एकीच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आम्ही सप्टेंबर मागितला. "कशाला?" म्हणून विचारलं तेव्हा "हरीण बघायला" हे उत्तर द्यायला जरा जड गेलं. एकजण म्हणाली, "भाभी, राणीच्या बागेत आहेत की. बसने जाऊन याल." हशा झाला. सप्टेंबर मिळाला.

सप्टेंबरच का, तर सफारीची ऑनलाइन नोंदणी सुमारे चार महिने आधी उघडते, आणि रेल्वेची आता फक्त साठ दिवस आधी. १ नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेने एकशेवीस दिवसांची मुदत निम्मी केली. तेव्हा क्रम उलटा लावायचा. आधी सफारी, मग राहण्याची जागा, शेवटी रेल्वे. ज्यांना आधी तिकीट काढून मग बाकीचं बघायची सवय आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. कान्हाला पोचून सफारी नाही मिळाली तर गेटाबाहेर चहा पिऊन परत यावं लागतं.

विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते. डॉ. आंबेडकर रस्त्यावरचे मंडप उतरत होते, आमच्या गल्लीत बांबूंचा ढीग होता. मोबाइलवर मुलाने नोंदणी केली, काका शेजारी चष्मा लावून प्रत्येकाचं नाव आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहत होते. गेटवर मूळ ओळखपत्र आणि प्रवेशपत्रावरचं नाव जुळावं लागतं, आणि एकदा नोंदवलेल्या माणसाऐवजी दुसरा चालत नाही. मुस्लिम नावांत ही अडचण जास्त येते. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. जे ओळखपत्र बरोबर नेणार त्याच्यावर जसं आहे तसंच लिहावं, बरोबर काय आहे याचा विचार करू नये.

दिवस निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. नाताळ ते नववर्ष गर्दी आणि राहण्याचे दर चढलेले, म्हणून तो आठवडा सोडला. शनिवार-रविवार सोडले. बुधवारी दुपारची सफारी बंद असते, म्हणून दोन्ही फेऱ्या सकाळच्या घेतल्या, मंगळवार आणि बुधवार. जानेवारीचा पहिला आठवडा घेण्याचं कारण बारशिंग्याचं. डिसेंबरच्या मध्यापासून महिनाभर त्यांच्या मिलनाचा काळ असतो. नरांची शिंगं तेव्हा पूर्ण भरलेली असतात आणि ते पहाटे ओरडतात. उन्हाळ्यात गेलं तर वाघ दिसण्याची शक्यता जास्त, पण शिंगं गळून पडलेली असू शकतात. बिनशिंगांचा बारशिंगा बघायला एवढ्या लांब कोण जाईल! पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, उद्यान बंदच असतं. मुलांच्या शाळेला पाच दिवसांची दांडी पडली. त्याचा खर्च वहीत लिहिलेला नाही.

एक फेरी की दोन, यावर वाद झाला. काका म्हणाले, "अगं पोरी, सात हजार म्हणजे आमच्या दोघांचा दोन महिन्यांचा किराणा. एकदा जाऊ, दिसलं तर दिसलं." आमचं म्हणणं असं पडलं की एकाच फेरीत न दिसलं, तर बाकीचे पस्तीस-चाळीस हजारही फुकट गेल्यासारखे होतील. दुसरी फेरी ही पहिल्या फेरीचा विमा आहे, फक्त व्याजाशिवायचा. काकांनी दोन मिनिटं विचार केला आणि 'ठरला'च्या रकान्यात १४,००० लिहिले. मग ते दुसरीकडून कापायला बसले.

रेल्वेत कापण्यासारखं फारसं नव्हतं. दादरहून विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गोंदियाला सोडते, सुमारे ९७० किलोमीटर. गोंदिया महाराष्ट्राचं शेवटचं टोक, मराठीत विचारपूस करता येते, आणि पलीकडे मध्य प्रदेश. नागपूरला उतरूनही जाता येतं, पण तिथून रस्ता दुपटीने लांब. स्लीपरचं तिकीट पाचशेच्या आसपास. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०पासून बंद आहे, तेव्हा काका-काकूंचंही पूर्ण तिकीट. मुलीचं वय बाराच्या आत असलं तरी बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. सहा जणांचे जाऊन-येऊन ६,०००. एसीत गेलो असतो तर दहा हजार आणखी लागले असते, आणि जानेवारीत स्लीपरमध्ये एसीपेक्षा जास्तच थंडी असते!

राहण्याला दोन खोल्या, तीन रात्री, मुक्की गेटाजवळच्या गावातल्या एका घरगुती निवासात. खोलीचे दीड हजार. ९,०००. कान्हाला खटिया, मुक्की, सरही असे वेगवेगळ्या बाजूंना दरवाजे आहेत. गोंदिया-बालाघाटकडून येणाऱ्याला मुक्की जवळ, सुमारे सव्वाशे किलोमीटर. ज्या गेटाची सफारी असेल त्याच बाजूला राहावं. एका गेटावरून दुसऱ्यावर जायला मोठा वळसा पडतो आणि पहाटेची जिप्सी थांबत नाही. जाताना गोंदियाहून बालाघाटपर्यंत छोटी गाडी, तिथून बैहरपर्यंत बस, असे सहा जणांचे १,२०० धरले. येताना दुपारची परतीची रेल्वे चुकायला नको म्हणून जीप ठरवली, ३,५००.

आता जेवण. आपल्या वाचकांचा पहिला प्रश्न हाच असणार. गेटाजवळच्या गावात हलाल मांस शोधत बसण्यापेक्षा आम्ही चार दिवस शाकाहार आणि अंडी, असं घरूनच ठरवून निघालो. त्यात काटकसरही झाली आणि काका-काकूंबरोबर एका ताटात जेवताही आलं. निवासाच्या मालकिणीला फोनवर आधीच सांगितलं होतं. रेल्वेतल्या रात्रीसाठी आमच्या खिम्याच्या पोळ्या आणि काकूंची बटाट्याची भाजी. वर लालबागच्या चिवडा गल्लीतला दोन किलो चिवडा, जो सहा माणसांना बुधवारपर्यंत पुरला. सुकटीची चटणी न्यावी असा मुलाचा आग्रह होता. डब्यातल्या बाकी प्रवाशांचा विचार करून ती घरीच ठेवली. पण खरी कामाला आली ती घरच्या मसाल्याची छोटी बरणी, गेल्या उन्हाळ्यात मिरची गल्लीतून मिरच्या निवडून आणून, डंकेवर कुटून घेतलेला. मालकिणीने पहिल्या दिवशीचं अंड्याचं कालवण तिच्या पद्धतीने केलं, दुसऱ्या दिवशी ती बरणी मागून घेतली. जेवणासाठी ७,२०० धरले होते.

गरम कपडे हा मुंबईकराचा असा खर्च आहे जो कुठल्याच पत्रकात नसतो. आपल्याकडे स्वेटर असतो तो लहानपणीचा, नाही तर महाबळेश्वरला घेतलेला. कान्हात जानेवारीच्या पहाटे तापमान शून्याच्या जवळ येतं, गवतावरचं दव गोठतं, आणि त्यात उघडी गाडी धावते. परळच्या फुटपाथवर हिवाळ्यात तिबेटी विक्रेते बसतात, तिथून कानटोप्या, हातमोजे आणि दोन जाड स्वेटर घेतले. बाकी चाळीत मागून आणलं. सहा जणांचे २,४०० झाले. रंग भडक नको, मातकट किंवा हिरवा. काकूंनी आणलेली गुलाबी शाल त्यांनी आत गुंडाळली, वर काकांचा जुना करडा कोट.

औषधं, गाईड-चालकाला खुशी आणि किरकोळ, १,५००. बेरीज ४४,८००. त्यावर काकांनी ४,००० 'हातचे' म्हणून वेगळे लिहिले आणि ते एका पाकिटात, रोख, स्वतःच्या आतल्या खिशात ठेवले. जंगलाकडे नेटवर्क येतं-जातं, मोबाइलवरून पैसे देता येतीलच असं नाही. एकूण ४८,८००. माणशी ८,१३३. आमच्या चौघांचे साडेबत्तीस हजार, म्हणजे भिशीच्या रकमेत बसले.

सोमवारी बैहरला पोचेपर्यंत अंधार पडला होता आणि मुक्कीकडे जाणारी शेवटची सवारी निघून गेली होती. एका घरगुती गाडीवाल्याने ९०० रुपयांत सोडलं. पाकीट पहिल्याच दिवशी उघडलं. काकांनी 'झाला'मध्ये लिहिलं आणि म्हणाले, "याच्यासाठीच होते ते."

नमाजच्या वेळेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण प्रवासाला निघताना ती कुणी सांगत नाही. लालबागच्या मशिदीतलं वेळापत्रक कान्हात चालत नाही. घड्याळ तेच, पण कान्हा आपल्यापासून बरंच पूर्वेला. जानेवारीत तिथे सूर्य आपल्यापेक्षा पंचवीसेक मिनिटं आधी उगवतो आणि मगरीब तर अर्ध्या तासाहूनही जास्त आधी होते. मुंबईच्या वेळेने चाललं तर मगरीबला उशीर ठरलेला. मोबाइलवर तिथल्या ठिकाणाच्या वेळा आधीच काढून कागदावर लिहून घ्याव्यात. फजरचं छान जमलं. साडेपाचला खोलीत नमाज, सहाला जिप्सी, उजाडता उजाडता गेट. सफरीत नमाज कसर करण्याची सवलत आहेच, त्यामुळे दुपारचीही ओढाताण झाली नाही.

मंगळवारी गेटावर ओळखपत्रं तपासली गेली, पाळीने जो गाईड आला तो बसला. निघतानाच त्याला सांगितलं की आम्हाला वाघ नको, बारशिंगा दाखवा. तो हसला, चालकानेही मागे वळून पाहिलं. असं सांगणारे प्रवासी कमी असावेत. बाकीच्या गाड्या वाघाचा माग काढत इकडून तिकडे धावत होत्या. आमची गाडी संथ चालली, त्यामुळे थंडीही कमी लागली. सालाची उंच झाडं, त्यांच्यामधून धुकं, आणि मग एकदम मोकळं मैदान, कमरेएवढ्या वाळक्या गवताचं. पण पहिल्या दिवशी दिसल्या त्या लांबवर माद्या, दहा-बारा, आणि त्यांच्यात एक कोवळ्या शिंगांचा नर. धुकं वर उठेपर्यंत त्या झाडीत गेल्या. चितळ, गवे, मोर भरपूर. मुलगी म्हणाली, बारशिंगा झाला की बघून. मुलगा गप्प होता. काकांनी वही काढली नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी गाईडला विचारलं, "या मैदानात गाव होतं म्हणतात. ती माणसं कुठे गेली?" गाईड आसपासच्याच एका बैगा वस्तीतला. म्हणाला, आजोबांच्या वेळी इथून उठवलं, बाहेर जमीन दिली, काहींची चांगली निघाली, काहींची नाही. आता त्याच जंगलात तो गाईड आहे, त्याची पाळी आली की घरात पैसे येतात, तीन महिने बंद असतं तेव्हा मजुरीला जातो. काका म्हणाले, "आमच्याकडे गिरण्यांच्या जागेवर टॉवर झाले. तिथे आमच्यातला एखादा वॉचमन आहे." दोघेही त्यावर आणखी काही बोलले नाहीत. गाईडचं मानधन सफारीच्या रकमेत येतंच, पण वर दिलेली खुशी काकांनी दुसऱ्या दिवशी ठरवल्यापेक्षा पन्नासने वाढवली. किरकोळीत लिहून टाकली.

बुधवारी पाळीने दुसरा गाईड मिळाला. त्यालाही तेच सांगितलं. तो थेट सौंफ मैदानाकडे घेऊन गेला आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगितलं. पंधरा मिनिटं काही नाही. मोबाइल बंद करून पिशवीत, तोंडातून वाफ निघत होती, काकूंनी तिळाचे लाडू वाटले. मग आवाज आला. गाढवाच्या ओरडण्यासारखा सुरू झालेला आणि लांबत भोंग्यासारखा होत गेलेला. काका दचकले. पुन्हा आला, यावेळी दुसऱ्या बाजूने उत्तर. धुक्यातून आधी शिंगं दिसली, त्यांना गवताचे झुपके लोंबत होते. गाईड म्हणाला की या दिवसांत नर शिंगं गवतात घुसळून मुद्दाम असं गवत अडकवून घेतात, चिखलात लोळतात, दुसऱ्या नरासमोर मोठं दिसायला. मुलीने हळूच विचारलं, "लग्नाचा फेटा?" गाईडला मराठी कळलं असावं, तो मान हलवून हसला.

तो नर आमच्यापासून चाळीसेक पावलांवर उभा राहिला. उन्हाळ्यात सोनेरी दिसणारा रंग आता जवळजवळ काळपट तपकिरी, मानेवर दाट केस. मुलाने टोकं मोजली, बारा भरली. गाईड म्हणाला, नेहमी बाराच असतात असं नाही, दहाही असतात, चौदाही. त्याच्या मागे गवतातून आणखी माना वर आल्या. आमची मोजणी एकतीसपर्यंत गेली आणि मग चुकली. खुरांबद्दलची एक माहिती तिथेच मिळाली. उत्तर प्रदेश आणि आसामातले बारशिंगे दलदलीत राहतात, त्यांचे खूर पसरट. कान्हाचा मात्र कडक जमिनीवर चालणारा, खूर घट्ट. हा प्रकार जगात मध्य प्रदेशाबाहेर कुठेच नाही, आणि त्या राज्यातही एके काळी तो फक्त कान्हात उरला होता. आता काही बारशिंगे सातपुडा आणि बांधवगडच्या जंगलांत नेऊन सोडले आहेत, म्हणजे एखादी साथ आली तर सगळे एकदम जाऊ नयेत. काकांना हे फार पटलं. "हातचे," म्हणाले.

पावणेदोन तास आम्ही एकाच जागी होतो. चालकाने दोनदा विचारलं, वाघाचा आवाज आलाय, जायचं का? कुणीच हो म्हटलं नाही.

गुरुवारी सकाळी जीपने गोंदिया, दुपारची गाडी, शुक्रवारी पहाटे दादर. जुम्म्याच्या नमाजला घरचेच कपडे घालून जाता आलं. संध्याकाळी काका वही घेऊन आले. पाकिटातल्या ४,०००पैकी ९०० गाडीचे आणि ४०० काकूंच्या घशाच्या औषधाचे गेले. जेवणात १,२०० वाचले, चिवड्याने आणि बरणीने. एकूण शिल्लक ३,९००, माणशी ६५०. प्रत्यक्ष खर्च ४४,९००, म्हणजे माणशी साडेसात हजारांच्या आत. आमचे २,६०० रुपये त्यांनी मोजून हातात ठेवले. भिशीतले साडेतीन हजार उरले होतेच. ते मिळून सहा हजार रमजानच्या किराण्यासाठी डब्यात गेले.

ज्यांना हे परवडण्यासारखं वाटत नसेल त्यांच्यासाठी काकांनी वहीत एक वेगळं पान केलं आहे. एकच फेरी, दोनच रात्री, येतानाही बस, स्वेटर सगळे उसने. त्यांच्या हिशोबाने ते माणशी पाच हजारांच्या थोडं वर बसतं. पण त्या पानाच्या खाली त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं आहे, 'पहिल्या दिवशी नर लांबून, एक, लहान.'

कानटोप्या आणि हातमोजे धुऊन माळ्यावर एका पिशवीत ठेवले आहेत. भिशीतल्या त्याच बाईने, जिने राणीच्या बागेचं सांगितलं होतं, पुढच्या वर्षीसाठी त्या मागून ठेवल्या आहेत. तिच्याकडे सध्या चार माणसं जमली आहेत.